नऊशे साठ किलोचा राक्षस

ऑफिसात डबा खाताना तोंड फक्त खाण्यापुरतंच उघडावं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. थोडं आधी कळलं असतं, तर आमच्या हॉलची पडद्याची दांडी अजून भिंतीवर असती.

मी पाणीपुरवठा खात्याच्या जावक विभागात आहे. खात्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर टाकायचा आणि शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. (कागदात काय लिहिलंय ते वाचावं लागत नाही. बावीस वर्षांत एकदाच वाचला. माझ्याच बदलीचा निघाला.)

तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या विभागातली टाचणी नुकत्याच पाहिलेल्या भुताच्या सिनेमाबद्दल बोलत होती. टाचणी हे तिचं नाव नाही. ती किडकिडीत आहे आणि बोलली की टोचते, म्हणून.

"मी तर अर्धा सिनेमा ओढणीआडून पाहिला," ती म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जुने, कोणी नावही न ऐकलेले भयपट हा माझा प्रांत. ऑफिसात दुसऱ्या कुठल्याच बाबतीत मला कोणी विचारत नाही, त्यामुळे हा एक प्रांत मी जिवापाड सांभाळून होतो.

"हल्लीचे कसले भयपट!" मी म्हणालो. "नुसतं रक्त आणि किंचाळ्या. आम्ही पाहिलेत खरे. राक्षस असला तरी त्याला काहीतरी दुःख असायचं." आणि मी तळ्याचा सिनेमा सांगायला घेतला.

हा सिनेमा मी नऊ वर्षांचा असताना पाहिला. काळा-पांढरा, परदेशी, सगळं इंग्रजीत. एका तळ्यातून एका डोळ्याचा राक्षस बाहेर येतो. तो असतो दुसऱ्या ग्रहावरचा. त्याच्या यानाचा दिवा तळ्यात पडलेला असतो आणि दिव्यावाचून त्याला घरी जायची वाट सापडत नसते. गावातले लोक बंदुका घेऊन मागे लागतात. पण एका शास्त्रज्ञाच्या लहान मुलाला तो दिवा गाळात सापडतो. मुलगा न घाबरता राक्षसासमोर जातो आणि दिवा त्याच्या हातात ठेवतो. राक्षस त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो, यानात बसतो, आणि तो दिवा आकाशात लहान लहान होत जातो. मुलगा घरी येऊन शांत झोपतो. समाप्त.

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की बायको 'तळ' एवढं ऐकलं तरी दुसऱ्या खोलीत जाते. पण ऑफिसात ती नवी होती. टाचणीचा घास हातात राहिला. आणि मागे पाहतो तर साहेब उभे!

"राक्षसाचं वजन किती म्हणालात?"

"नऊशे साठ किलो, साहेब. अंगावरचा चिखल धरून."

"आणि दिवा?"

"सव्वादोन किलो."

"वा!" साहेब म्हणाले. "इतका बारकाईने काढलेला सिनेमा बघायलाच हवा. कुठे मिळेल?"

"तो आता मिळत नाही, साहेब. फार दुर्मीळ आहे." इथेही मी थांबायला हवं होतं. "पण मी शोधतो," मी म्हणालो.

शोधलं अर्थात मुलीने. कॉलेजातून आल्यावर तिने कॉम्प्युटरवर तळं, राक्षस, एक डोळा, दिवा, मुलगा असं सगळं घालून पाहिलं. काहीच मिळेना. मग तिने दिवा काढून टाकला, आणि सिनेमा ताबडतोब हजर! (तेव्हाच शंका यायला हवी होती. पण शंका येण्यासाठी जे लागतं ते माझ्याकडे कमी आहे, असं बायकोचं मत आहे.)

पूर्वी व्हिडिओ लायब्ररी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे त्याची प्रत होती. त्यांनी डिस्क पोस्टाने पाठवली. सोबत चिठ्ठी होती : 'एकोणीस वर्षांत हा सिनेमा मागणारे तुम्ही पहिलेच. घरी सगळं ठीक आहे ना?'

साहेबांनी ऑफिसचा प्रोजेक्टर घरी न्यायची परवानगी दिली, एका अटीवर. ते आणि वहिनीसाहेब बघायला येणार. मग टाचणीलाही बोलवावं लागलं. आणि माझ्या ताईला तर मी आपणहून बोलावलं, कारण तो सिनेमा तिनेही माझ्यासोबत पाहिला होता. बाबा आम्हा दोघांना घेऊन गेले होते. ती तेव्हा चौदा वर्षांची होती.

बायकोला मी हे सगळं रविवारी सकाळी सांगितलं.

"किती माणसं?" ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. चिठ्ठी हातात आली की ती आधी मात्रा बघते.

"चार. म्हणजे आपण धरून सात."

"कधी?"

"आज तीन वाजता."

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आमच्या घरी यापेक्षा मोठं भांडण होत नाही.

दुपारचे तीन म्हणजे हॉलमध्ये लख्ख ऊन. मी खिडक्यांना आधी ब्राउन पेपर लावला, त्यावर घरातली सगळी ब्लँकेटं दांडीवर टाकली, आणि समोरच्या भिंतीवर पडदा म्हणून डबलबेडची चादर ठोकली. चादर पांढरी आहे अशी माझी समजूत होती. प्रोजेक्टर लावल्यावर कळलं की तिच्यावर फिकट निळी फुलं आहेत. बावीस वर्षं मी त्या फुलांवर झोपतोय.

"राक्षस फुलांचा शर्ट घालून येणार," मुलगी म्हणाली.

पाहुणे आले. साहेबांना खिडकीजवळची खुर्ची दिली, कारण ती एकच खुर्ची डगमगत नाही. मी उभा राहून छोटं प्रास्ताविक केलं. म्हणालो, आजकालच्या सिनेमात माया आटली आहे. या सिनेमातून माया म्हणजे काय ते कळतं. टाचणीने टाळ्या वाजवल्या. ताई मात्र माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत होती.

सिनेमा सुरू झाला, आणि दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की राक्षसाच्या पाठीला चेन आहे. पँटला असते तशी. तळं म्हणजे बहुधा पोहण्याचा हौद असावा, कारण एका दृश्यात त्याची शिडी दिसली. शास्त्रज्ञ प्रत्येक वाक्य बोलण्याआधी चिरूट पेटवत होता आणि पेटेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागत होतं. वहिनीसाहेबांनी पर्समधून वीणकाम काढलं. त्या अंधारात!

"वजनाचं कधी येतं?" साहेबांनी विचारलं.

"येईल, साहेब."

वजनाचं आलं नाही. दिव्याचंही नाव नाही. तो राक्षस कुठल्या ग्रहावरून वगैरे आलाच नव्हता. शास्त्रज्ञानेच काहीतरी रसायन हौदात ओतल्याने तो झाला होता. त्याला घरी जायचं नव्हतं. त्याला माणसं खायची होती, आणि तो ती खात होता. मग तो लहान मुलगा तळ्याकाठी आला. मी सगळ्यांना म्हणालो, "आता बघा हं!"

तो मुलगा मेला.

राक्षसाने त्याला मारलं, शास्त्रज्ञ गुडघ्यांवर बसून रडला, मग सैन्याचे ट्रक आले आणि त्यांनी राक्षसाला जाळून टाकलं. जळताना तो इतका वेळ ओरडत होता की टाचणीने कान झाकून घेतले. दिवा नाही, यान नाही, डोक्यावरून हात नाही.

मी ताडकन उठलो. "ही प्रत चुकीची आहे!" मी प्रोजेक्टरसमोर उभा, त्यामुळे जळता राक्षस माझ्या शर्टावर. "साहेब, हे कोणीतरी कापून बदललंय. खरा शेवट असा नाही! मी स्वतः पाहिलाय, या डोळ्यांनी!"

"बाजूला तरी व्हा," साहेब म्हणाले.

मी घाईने बाजूला झालो. पाय वायरीत अडकला. पडू नये म्हणून जे हाताला लागलं ते धरलं, आणि हाताला लागलं ब्लँकेट. ब्लँकेटाबरोबर दांडी आली, दांडीबरोबर भिंतीचा गिलावा आला, आणि ही सगळी वरात साहेबांच्या डोक्यावर उतरली. खोलीत साडेचार वाजताचं ऊन भस्सकन शिरलं. राक्षस नाहीसा झाला. तीन ब्लँकेटांच्या खालून साहेबांचा आवाज आला :

"माया म्हणतात ती हीच का?"

साहेबांना टेंगूळ आलं. बायकोने फ्रिजमधला बर्फ आणि दुकानातलं मलम आणून दिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान होतं, निदान एक गोष्ट तरी तिच्या प्रांतातली होती. वहिनीसाहेबांना हसू आवरेना. टाचणी जाताना म्हणाली, "सिनेमा ठीक होता. पण तुम्ही सांगितलेला फार चांगला होता."

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात कप विसळायला लागलो. अपमान झाला की मी कप विसळतो. ताई शेजारी येऊन पुसायला लागली.

"ताई, तू तरी सांग. शेवट असा होता का? तू होतीस ना?"

"असाच होता."

"मग तो दिवा? ते यान?"

ताईने कप ठेवला. "तू सिनेमा पाहिलास कुठे रे? राक्षस पहिल्यांदा पाण्यातून वर आला, तेव्हा जे तू डोकं बाबांच्या शर्टात घातलंस, ते दिवे लागेपर्यंत काढलंच नाहीस. 'घरी चला, घरी चला' एकच धोशा. बाहेर इतका पाऊस होता की जायचं कसं? मग बाबा तुझ्या कानात सांगायला लागले."

"काय?"

"जे तू लोकांना सांगत फिरतोस ते."

मला हसू आलं. "बाबा? आपले बाबा?"

इथे तुम्हाला आमच्या बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा वजनमापं निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरायचे. वजन पाच ग्रॅमने कमी भरलं तर त्यांना जेवण जात नसे. आमच्या घरात 'सुमारे' हा शब्द चालत नव्हता. एकदा मी निबंधात 'माझे वडील खूप उंच आहेत' असं लिहिलं, तर त्यांनी 'खूप' खोडून वर सेंटिमीटर लिहून दिले. असा माणूस मुलांना गोष्टी काय सांगणार? माझ्या मित्रांचे वडील राजाराणीच्या गोष्टी सांगायचे. आमचे बाबा म्हणायचे, "जे घडलंच नाही ते कसं सांगू?"

"तेच बाबा," ताई म्हणाली. "सिनेमातल्या राक्षसाचं वजन कोण सांगतं रे? चिखल धरून! जगात एकच माणूस सांगेल."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. नळ चालूच होता.

"समोर तो राक्षस माणसं खातोय," ताई सांगत होती, "आणि बाबा तुला सांगताहेत की त्याचा दिवा हरवलाय. समोर किंचाळी ऐकू आली की म्हणायचे, त्या बाईला दिवा दिसला म्हणून ती आनंदाने ओरडली. मागच्या रांगेतला एक जण खेकसला, 'ओ, गप्प बसा की.' बाबा मागे वळून म्हणाले, 'माझा मुलगा घाबरलाय. दोन मिनिटं.' मग ते दोन मिनिटं नाही, सव्वा तास बोलत होते. आणि गंमत म्हणजे, इंग्रजी तिथे कोणालाच कळत नव्हतं. थोड्या वेळाने तो मागचा माणूसच पुढे वाकून म्हणतो, 'जरा मोठ्याने सांगा, मग दिव्याचं काय झालं?'"

"तू मला आजवर का नाही सांगितलंस?"

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, त्याला कळलं की मी खोटं बोललो, तर तो माझ्या कुठल्याच वजनावर विश्वास ठेवणार नाही."

ताई गेली. मी तसाच ओट्याला टेकून उभा राहिलो.

तुम्हाला वाटेल, छान झालं, वडिलांची माया उशिरा का होईना कळली. तसं नाही. उशिरा कळण्यात काही छान नसतं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी लहान असताना मी तिला गोष्टी सांगायचो, तेव्हा एकदा त्यांच्यासमोर म्हणालो होतो, "आम्हाला कोणी कधी एक गोष्ट सांगितली नाही." ते पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. एवढंच.

त्या सिनेमानंतर ते आणखी दोनदा आम्हाला तसल्याच सिनेमांना घेऊन गेले. मग मी मोठा झालो. "नवीन एक लागलाय म्हणे, मुंग्या हत्तीएवढ्या होतात. येतोस?" असं ते विचारायचे. मी मित्रांबरोबर जातो असं सांगायचो, आणि जायचो क्रिकेट खेळायला. वडिलांबरोबर सिनेमाला जाताना कोणी पाहिलं तर लाज वाटायची. काही वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं.

आणि शेवटच्या दिवसांत त्यांची नजर गेली. डोळ्याचा आतला पडदा खराब झाला होता, डॉक्टर म्हणाले आता इलाज नाही. संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसायचे, सवयीने. आवाज ऐकायचे आणि माझ्या दिशेला मान वळवून विचारायचे, "काय झालं रे आता?"

मी मोबाइलमध्ये असायचो. जुन्या भयपटांवर कोणी काय लिहिलंय ते वाचत असायचो बहुतेक. वर न बघताच म्हणायचो, "काही नाही बाबा. बोलताहेत."

सव्वा तास बोलले होते ते माझ्यासाठी, मागच्या रांगेचा ओरडा खाऊन. आणि मी त्यांना चार शब्द दिले. तेही रोज तेच. वजनात मोजलं तर किती भरतील, ते त्यांनीच सांगितलं असतं.

बायको केव्हातरी आत आली. तिने नळ बंद केला. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला वाटलं आता गिलाव्याचं काढणार. पण ती म्हणाली, "मी ऐकलं सगळं. तुमचा दिवा बरा होता. मी उगीच दुसऱ्या खोलीत जात होते."

सोमवारी ऑफिसात जाऊन मी साहेबांची माफी मागितली आणि खरं काय ते सांगितलं. सिनेमा चुकीचा नव्हता, मीच पाहिला नव्हता. साहेबांच्या कपाळावर अजून निळसर डाग होता. त्यांनी त्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझे वडील मला कधी सिनेमाला घेऊन गेले नाहीत." आणि पुढची फाइल ओढली. मी बाहेर आलो आणि दिवसभर शिक्के मारले. दोन कागदांवर उलटे बसले.

तरीही माझ्या मनात एक आशा शिल्लक होती. बाबांनी आम्हाला आणखी दोन सिनेमांना नेलं होतं ना? त्या दोन्हींच्या गोष्टी मला पाठ होत्या. एकात अदृश्य होणारा दाताचा डॉक्टर, एकात बरणीत ठेवलेला बोलणारा मेंदू. त्याही बाबांच्याच असणार! निदान त्या तरी नीट लिहून ठेवाव्यात. मी त्या लायब्ररीवाल्या गृहस्थांना पत्र लिहिलं. दोन्ही डिस्का आल्या. या वेळी चिठ्ठीत नुसतं होतं : 'काळजी घ्या.'

पुढच्या रविवारी भर उजेडात, मुलीच्या कॉम्प्युटरवर, घरातल्या घरात आम्ही बसलो. मी, बायको, मुलगी आणि ताई. मी नवी वही घेतली होती. पहिल्या पानावर बाबांचं नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"ताई, आता या डॉक्टरच्या सिनेमात बाबांनी काय काय बदललं ते सांग. सावकाश सांग, मी लिहितो."

ताईने थोडा विचार केला. "यात काही नाही रे. यात तू पहिल्या पाच मिनिटांतच झोपलास. बाबाही ऑफिसातून दमून आलेले, तेही झोपले."

"मग ही गोष्ट मला कोणी सांगितली?"

"मी. घरी येताना. अर्धी विसरले होते, अर्धी मनाची लावली."

मी पान उलटलं. "बरं, तो मेंदूचा?"

"त्याची तिकिटंच मिळाली नाहीत. आपण बाहेर काचेत लावलेले फोटो बघून परत आलो."

मी पेनचं टोपण लावलं. बायको समोरच्या भिंतीतल्या दांडीच्या भोकाकडे पाहत होती.

"म्हणजे पप्पा," मुलगी म्हणाली, "आयुष्यात तू पूर्ण पाहिलेले जुने भयपट एकूण किती?"

"त्या दिवशी आपल्याकडे पाहिला तो," बायको माझी बाजू घेत म्हणाली. "तो तरी एक धरा की!"

"तो कसा धरायचा?" ताई म्हणाली. "राक्षसाने त्या मुलाला धरलं, तेव्हा हा पाहुण्यांसाठी पाणी आणायला म्हणून आत गेला होता. सैन्य आल्यावर बाहेर आला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलण्यात बाबांइतका हात बसलेला नसल्यामुळे मी मान्य केलं. गेलो होतो. आणि पाणी कोणी मागितलेलं नव्हतं.